बुकित बातोकचं लिस्बन

जहाजावर नोकरी केलेल्या माणसाने जग पाहिलेलं असतं, असा एक समज जमिनीवरच्या माणसांत फार पूर्वीपासून आहे. तो दूर करावा असं जहाजावरच्या माणसांना आजवर कधी वाटलेलं नाही. निशिकांत खांबेटे यांनाही वाटलं नव्हतं.

निशिकांतरावांची तारुण्याची सगळी वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. इंजिनरूमला खिडकी नसते. त्यामुळे रॉटरडॅम काय, सांतोस काय आणि पुसान काय, तिथून सगळी शहरं सारखीच दिसतात, म्हणजे दिसतच नाहीत. बंदर आलं की डेकवरची मंडळी भांग पाडून किनाऱ्यावर जातात आणि इंजिनवाले इंजिन उघडून बसतात, कारण बिचारं बंद असतं ते तेवढाच वेळ. पण लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाटावरच्या मामांनी "मग काय, सगळं जग पालथं घातलं असेल!" असं म्हटल्यावर त्यांना पिस्टनबद्दल सांगणं बरं दिसत नाही. निशिकांतराव अशा वेळी "तसं बऱ्यापैकी" एवढंच म्हणत आणि मठ्ठ्याचा घोट घेत. जाणकार माणूस कमी बोलतो, हे मामांना ठाऊक असायचं.

कमी बोलण्याला अपवाद एकच होता, तो लिस्बनचा. लिस्बनबद्दल ते भरपूर बोलत.

त्याचं असं झालं. अठरा वर्षांपूर्वी त्यांचं जहाज लिस्बनच्या धक्क्याला लागलं होतं. सविता, म्हणजे त्यांची बायको, तेव्हा ठाण्याला माहेरी होती. निशिकांतरावांनी धक्क्यावरच्या टेलिफोनच्या डब्यातून, कार्ड घालून, तिला फोन लावला आणि तिने बातमी दिली की आपल्याकडे पाळणा हलणार आहे. निशिकांतराव बॉयलर सूटमध्ये, कोपरापर्यंत तेलाने माखलेले, समोर कंटेनरची थप्पी. सविताने विचारलं, "तुला काय दिसतंय रे तिथून?"

अशा प्रसंगी "कंटेनर" असं सांगायला कुणाही सभ्य माणसाची जीभ रेटणार नाही. निशिकांतराव म्हणाले, "किल्ला. टेकडीवर आहे. खाली नदी." तेवढ्यात मागे क्रेन रुळांवरून सरकायला लागली आणि तिची इशाऱ्याची घंटा घणघणली. "आणि ते काय वाजतंय?" "किल्ल्यातलं घड्याळ." मग सेकंड इंजिनिअर बोंबलत आला, कारण निशिकांतरावांनी सोडलेला पिस्टन साखळीला लोंबकळत होता. "ठेवतो गं, किल्ल्याची बस सुटतेय," असं म्हणून निशिकांतराव खाली पिस्टनकडे पळाले. जहाजाने लिस्बन सोडलं तेव्हा त्यांनी बंदराचं फाटकही ओलांडलेलं नव्हतं.

थाप मारणं सोपं असतं, पण एकदा मारली की तिला लेकरासारखं खाऊपिऊ घालून वाढवावं लागतं. इरा जन्मली, मोठी झाली, आणि तिच्या बरोबरीने लिस्बनही वाढलं. निशिकांतराव बोटीवरून उतरून सिंगापुरात तुआसच्या एका जहाजदुरुस्तीच्या गोदीत कामाला लागले, तिथलं पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, झालं, बुकित बातोकला फ्लॅट झाला, आणि दर दिवाळीला फराळाच्या ताटासमोर लिस्बनमध्ये एकेका गल्लीची भर पडत गेली. सविता हे सगळं शांतपणे ऐकायची. ती बालवाडीत शिकवते, त्यामुळे गोष्ट मध्येच न तोडता ऐकायची तिला सवय आहे. फक्त दर वर्षी शेवटी ती एकच वाक्य म्हणायची: "मला तो किल्ला बघायचाय. आणि गाईड नको, तूच दाखवायचास."

निशिकांतराव हे टाळत आले होते. कधी इराची परीक्षा, कधी गोदीतलं काम, कधी सासूबाईंचा मोतीबिंदू. करोनाने त्यांची मोठीच सोय केली होती. पण या वर्षी सविताने न विचारता डिसेंबरची तिकिटं काढली आणि जेवताना आमटी वाढत सांगितलं. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण तिने आमटी त्यांच्या भातावर न वाढता ताटाबाहेर वाढली. यावरून हे प्रकरण गंभीर आहे, एवढं निशिकांतरावांच्या लक्षात आलं. का गंभीर आहे, ते मात्र आलं नाही.

आता हे नवरा-बायको आणि मुलगी यांच्यातच राहिलं असतं तर निशिकांतरावांनी कसंही निभावलं असतं. गोदीत दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ते डबा बाजूला सारून संगणकावर लिस्बनच्या रस्त्यांतून फिरायला लागले होतेच. पण याच ब्लॉकमध्ये, म्हणजे इमारतीत, चार मजले खाली हेमचंद्र गुप्ते राहतात.

गुप्ते एका बँकेत धोक्यांचा अंदाज घेण्याच्या खात्यात मोठे अधिकारी आहेत. पूर्वी कधीतरी बँकेने त्यांना एका परिषदेसाठी लिस्बनला पाठवलं होतं आणि तेव्हापासून त्यांची निम्मी वाक्यं "आम्ही लिस्बनला असताना" इथून सुरू होतात. बुकित बातोकमधल्या एवढ्याशा मराठी वस्तीत लिस्बन पाहिलेली दोन माणसं एकाच लिफ्टने ये-जा करतात, हा निशिकांतरावांच्या जिवाला एक कायमचा घोर होता. सार्वजनिक ठिकाणी गाठ पडली की दोघंही एकमेकांना फार मान देत. "ते काय, यांना माहीतच आहे," असं निशिकांतराव म्हणत, आणि "यांच्यासमोर मी काय बोलणार," असं गुप्ते. लोकांना दोघांच्या विनयाचं कौतुक वाटे.

गुप्तेंच्या पत्नी अनुया यांना सविताकडून तिकिटांची बातमी लागली आणि त्यांनी त्याच संध्याकाळी स्वतःची दोन तिकिटं काढली. "दोन दोन जाणकार बरोबर! पुन्हा असा योग येणार आहे का?" असं त्या म्हणाल्या. दोन्ही जाणकार हसले. गुप्ते जरा जास्तच वेळ हसले, पण ते निशिकांतरावांनी तेव्हा मनावर घेतलं नाही.

मग सल्ले सुरू झाले. शेजारच्या मिसेस कोह यांनी दारात उभं राहून सिंगापुरी इंग्रजीत सांगितलं, "अय्या, युरोप सो कोल्ड! यू ऑल शुअर फॉल सिक वन," आणि आलं घातलेल्या साखरेच्या वड्यांची एक बरणी व गुडघ्याला लावायचं मलम दिलं. महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर कुणी इंडक्शनची शेगडी न्या म्हणालं, कुणी नेऊ नका, हॉटेलात आगीचा भोंगा वाजतो म्हणालं. सिंगापूरच्या दुसऱ्या टोकाला, पुंगोलला राहणाऱ्या एका गृहस्थांनी लिस्बनमध्ये खिसेकापू फार, असं सांगून स्वतःचं पाकीट कसं गेलं त्याची हकीकत तीन भागांत पाठवली. तिसऱ्या भागात ते बार्सिलोना असल्याचं उघड झालं, पण तोवर सगळे घाबरले होते.

व्हिसाच्या कार्यालयानेही आपल्या परीने हातभार लावला. सविताचा फोटो आधी कान झाकले म्हणून आणि मग हसू दिसतंय म्हणून परत आला. निशिकांतरावांचा एकदाही परत आला नाही, कारण त्या दिवसांत त्यांचा चेहरा मुळातच व्हिसाला लागतो तसा झाला होता. खिडकीतल्या मुलीने "लिस्बनच का?" असं विचारलं तेव्हा सविता म्हणाली, "यांनी पाहिलंय. मला बघायचंय यांनी काय पाहिलंय ते." मुलीला ते फार गोड वाटलं. निशिकांतरावांना घाम फुटला, आणि तिथे एसी चांगला होता.

त्यानंतर एका संध्याकाळी खांबेट्यांच्या घरी दोन्ही कुटुंबांची बैठक बसली. कांदेपोहे झाले, नकाशा पसरला. किल्ला नदीच्या डाव्या हाताला की उजव्या, या प्रश्नावर दोन्ही जाणकारांनी एकमेकांना इतका वेळ "तुम्ही सांगा" केलं, की इरा फोनवर बघून म्हणाली, "नॉर्थ साइड, लाह. व्हाय सो डिफिकल्ट?" आपली पत राखण्यासाठी काहीतरी खास सांगणं निशिकांतरावांना भाग होतं. ते म्हणाले, "नकाशात सगळं नसतं. किल्ल्यातल्या घड्याळाची घंटा कुठे आहे यात? सबंध शहरात ऐकू येते."

गुप्ते खुर्चीत सरसावून बसले. "वा! ती घंटा! काय आठवण काढलीत! आम्ही लिस्बनला असताना रोज पहाटे त्या घंटेनेच जाग यायची."

निशिकांतरावांच्या हातातली बशी तिरपी झाली आणि पोह्यांतले शेंगदाणे नदीत सांडले. ती घंटा क्रेनची होती. ती लिस्बनमध्ये कुणाला पहाटे ऐकू आली असेल तर तो मनुष्य धक्क्यावर झोपला असला पाहिजे, आणि गुप्ते धक्क्यावर झोपणाऱ्यांतले नव्हते. म्हणजे या गृहस्थाने लिस्बन पाहिलेलंच नव्हतं! इतकी वर्षं ज्याला भिऊन आपण जिन्याने उतरलो, तो आपल्याच माळेचा मणी निघाला. निशिकांतरावांना आधी आनंद झाला आणि मग लगेच कळलं की या आनंदाचा काही उपयोग नाही. गुप्तेंची थाप पकडायची, तर घंटा नाही हे सांगावं लागणार, आणि ते सांगायचं तर अठरा वर्षं मागे जावं लागणार. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे दोन मुठी होत्या आणि त्या एकमेकींत अडकल्या होत्या.

गुप्ते तेवढ्यावर थांबले नाहीत. "तिचा नाद जरा घोगरा आहे, नाही?" त्यांनी विचारलं.

"घोगराच," निशिकांतराव म्हणाले.

अशा रीतीने लिस्बन शहराला त्या संध्याकाळी एक घोगरी घंटा मिळाली. सविता नकाशावरचे शेंगदाणे वेचत होती.

रंगीत तालमीची कल्पना अनुयाताईंची. त्या मंडळाच्या गणेशोत्सवातली नाटकं बसवतात, आणि रंगीत तालीम झाल्याशिवाय कुठलीही गोष्ट लोकांपुढे न्यायची नाही, असा त्यांचा दंडक आहे. मराठी माणूस एकवेळ नाटकाला प्रेक्षक नसले तरी चालवून घेईल, पण तालीम चुकवणार नाही. त्यांचं म्हणणं वरवर पाहता बिनतोड होतं. लिस्बन म्हणजे सगळ्या टेकड्या, सविताचा गुडघा कुरकुरतो, अंगात जड कोट असणार, मग हे सगळं तिथे जाऊन पहिल्यांदा करायचं? बुकित बातोकला टेकडी आहे, पायऱ्या आहेत, जवळच जुन्या खाणीत साचलेलं तळं आहे. रविवारी सकाळी, संपूर्ण वेशभूषेसह, सगळ्या प्रवासाची एक तालीम करू. खाणीचं तळं ती टॅगस नदी. बस ती ट्राम. टेकडी तो किल्ला. जाणकारांनी माहिती सांगायची, बाकीच्यांनी शंका विचारायच्या.

निशिकांतरावांनी हवेचं कारण काढून पाहिलं. सिंगापुरात हवेचं कारण चालत नाही, कारण ती रोज तीच असते.

रविवारी सकाळी लिफ्टमधून पाच माणसं जाड लोकरी कोट, मफलर आणि कानटोप्या घालून उतरली, तेव्हा खाली कोपी, म्हणजे तिथली कॉफी, पीत बसलेल्या आजोबांनी कप खाली ठेवला. मिसेस कोह आपल्या चाकाच्या पिशवीसह बाजाराला निघाल्या होत्या, त्या "आय ऑल्सो सी लिस्बन, कॅन?" म्हणून बरोबर निघाल्या. त्यांच्या अंगात बिनबाह्यांचा झगा होता आणि त्या सबंध मेळाव्यात त्या एकट्याच सुखी दिसत होत्या. निशिकांतरावांच्या हातात छत्री होती आणि तिच्या टोकाला अनुयाताईंनी आपली पिवळी ओढणी बांधली होती, गर्दीत कुणी चुकू नये म्हणून.

बसमध्ये खिसेकापूंची तालीम झाली. खिसेकापूचं काम इराकडे होतं, कारण तिला दुसरं कुठलंच काम करायचं नव्हतं. गुप्ते धोक्यांच्या खात्यातले, त्यांनी सगळ्यांना पाकीट कुठे ठेवावं, हात कसा ठेवावा, नजर कशी ठेवावी, यावर सबंध प्रवासभर मार्गदर्शन केलं. उतरताना त्यांनी आपल्या कोटावर थाप मारून "काय गं, जमलं नाही ना?" असंही विचारलं. इरा नुसती हसली.

तळ्याशी टॅगस नदी दाखवून झाली. ऊन चढत होतं. पायऱ्यांशी पोचेपर्यंत निशिकांतरावांच्या पाठीवरून दुसरी टॅगस वाहायला लागली होती. पण गंमत अशी, की बोलता बोलता त्यांना रंग चढला. मिसेस कोह यांच्यासाठी ते इंग्रजीत सांगत होते. "हा साओ जॉर्ज किल्ला. आधी मूर लोकांचा, मग पोर्तुगालच्या राजाचा. या तटावरून राजा आपली जहाजं बघायचा." संगणकावर वाचलेलं सगळं तोंडातून अस्खलित येत होतं. मागून प्रश्न आला, "हे बांधकाम मूळचं आहे का?" निशिकांतरावांनी "बरंचसं," असं सांगितलं आणि मगच त्यांच्या लक्षात आलं, की आवाज ओळखीचा नाही. वळून पाहिलं तर पाठीवर पिशव्या लावलेलं एक गोरं जोडपं, डेन्मार्कचं, कधीपासून मागे लागलेलं होतं आणि वहीत सगळं टिपून घेत होतं. त्यांच्यामागे आणखी तिघं-चौघं होते.

त्यांना समजावून सांगावं असं निशिकांतरावांच्या मनात आलं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या तोंडून लिस्बन इतक्या विश्वासाने ऐकत होतं. ते पुढे चालत राहिले.

वर पोचतात न पोचतात तोच गणवेशातला एक तरुण अधिकारी समोर आला. पळायला आलेल्या कुणीतरी तक्रार केली होती, की एक मनुष्य झेंडा घेऊन परदेशी पाहुण्यांना भलतंसलतं सांगतोय आणि त्याची माणसं उन्हाने आजारी दिसतायत. अधिकारी फार नम्र होता. "अंकल, यू गॉट गाईड लायसन्स ऑर नॉट?"

पुढचं सगळं संभाषण इंग्रजीत झालं, ते मराठीत सांगितलेलं बरं.

"मी गाईड नाही," निशिकांतराव म्हणाले.

अधिकाऱ्याने ओढणीकडे पाहिलं. "पण तुम्ही यांना सिंगापूर दाखवताय."

"अजिबात नाही. मी यांना लिस्बन दाखवतोय."

अधिकाऱ्याने चहूकडे नजर फिरवली. टेकडीखाली बुकित बातोकचे ब्लॉक उन्हात उभे होते. "कुठाय?" त्याने विचारलं.

निशिकांतरावांचं बोट सवयीने वर गेलं आणि त्यांनी ते खाली घेतलं. अधिकारी जरा बाजूला जाऊन वरिष्ठांशी फोनवर बोलला. वारा त्याच्याकडून येत होता. "सर, इथे एक अंकल लिस्बन दाखवतायत... पोर्तुगाल, सर... नाही सर, आहेत इथेच, बुकित बातोकला... हो सर, कोट घालून." विचारून कळवतो, असं पलीकडून उत्तर आलं. सिंगापुरात लिस्बन दाखवायला परवाना लागतो की नाही, याबद्दल नियम नसावा. सिंगापुरात एखाद्या गोष्टीबद्दल नियम नसणं ही त्या गोष्टीच्या दृष्टीने चांगली खूण नाही.

ओळखपत्रं मागितली गेली. गुप्तेंनी कोटात हात घातला, दुसऱ्या खिशात घातला, मग चेहऱ्याचा रंग बदलत विजारीचे खिसे चाचपले. "अंकल, विथ मी, लाह," असं म्हणून इराने आपल्या पिशवीतून त्यांचं पाकीट काढून दिलं. अधिकाऱ्याने मुलीकडे पाहिलं, पाकिटाकडे पाहिलं. "आम्ही तालीम करतोय," अनुयाताई घाईने म्हणाल्या. "चोरीची." त्यांच्या या खुलाशाने फारसा फरक पडला नाही.

अधिकारी निशिकांतरावांकडे वळला. "पैसे घेतलेत?"

"नाही."

"या पाहुण्यांना तुम्ही जी माहिती दिलीत, ती खरी आहे? तुम्ही स्वतः लिस्बन पाहिलंय?"

प्रश्न साधा होता. गेली अठरा वर्षं तो लग्नांत, मुंजींत, मंडळाच्या सहलींत कितीदा आला होता आणि निशिकांतरावांनी डोळ्याचं पातं न लवता त्याचं उत्तर दिलं होतं. पण आज विचारणाऱ्याच्या अंगात गणवेश होता आणि त्याच्या हातात निशिकांतरावांचं निळं पीआर कार्ड होतं. आपला माणूस बायकोशी जन्मभर खोटं बोलेल, पण सरकारशी, आणि तेही सिंगापूरच्या, नाव-नंबर लिहून घेतल्यावर? शेजारी सविता उभी होती. कानटोपीतून तिचा चेहरा एवढासा दिसत होता आणि ती अधिकाऱ्याकडे नाही, त्यांच्याकडे बघत होती.

"नाही," निशिकांतराव म्हणाले. "पाहिलं नाही."

"कधी गेलाच नाहीत?"

"गेलो होतो. धक्क्यावर. एक पिस्टन बदलला. आणि एक फोन केला." त्यांचा आवाज आपोआप घोगरा झाला.

अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. मग गुप्तेंकडे वळला. "आणि तुम्ही, सर?"

गुप्तेंनी मफलर सैल केला. "परिषद हॉटेलात होती," ते म्हणाले. "हॉटेल विमानतळाला लागून होतं. खिडकीतून धावपट्टी दिसायची. फार व्यवस्थित धावपट्टी होती."

"अहो, मग ती पहाटेची घंटा?" अनुयाताई मराठीत किंचाळल्या.

"ती आधी यांनी काढली," गुप्ते निशिकांतरावांकडे बोट दाखवून म्हणाले. हे मात्र खरं होतं.

वरिष्ठांनी अखेर समज देऊन सोडायला सांगितलं. अधिकाऱ्याने छत्रीची ओढणी सोडायला लावली, सगळ्यांना कोट काढायला लावले आणि पाणी प्या म्हणाला. डॅनिश जोडप्याला त्याने अदबीने सांगितलं, की ही बुकित बातोकची टेकडी आहे, किल्ला नाही. नवरा थोडा हिरमुसला. बायको म्हणाली, तरी छानच सांगत होते. मिसेस कोह यांनी मध्ये पडून अधिकाऱ्याला आल्याची एक वडी दिली.

खाली हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, सगळे एका टेबलाभोवती बसले. कोटांना वेगळी खुर्ची लागली. निशिकांतरावांचा एवढा अपमान झालेला होता की त्यांना भूक लागलेली होती, पण खायला मागणं शोभलं नसतं. अठरा वर्षं उभारलेलं सबंध शहर डोळ्यांदेखत कोसळलं होतं, आणि तेही बायकोसमोर, मुलीसमोर, गुप्तेंसमोर. गुप्तेंचंही कोसळलं होतं म्हणा, पण ते लहान होतं.

सविता चहा ढवळत होती. साखर कधीच विरघळली होती.

"त्या दिवशी," ती शेवटी म्हणाली, "फोन ठेवून तू कुठे गेलास?"

"खाली. पिस्टन लोंबकळत होता."

"आणि किल्ल्याची बस?"

"बस नव्हती गं. किल्लाही दिसत नव्हता. कंटेनर होते. घंटा क्रेनची होती."

"मग तू कुणाला काही सांगितलंस? इराचं?"

"सगळ्यांना. कुकने रात्री शिरा केला. हाताचं तेल निघेना, तसाच खाल्ला." निशिकांतरावांना तो शिरा अचानक जिभेवर आठवला. त्यांनी तो कधी कुणाला सांगितलाच नव्हता. लिस्बनच्या गोष्टीत तो बसत नव्हता.

सविताने चमचा बशीत ठेवला. तिचे डोळे भरून आले होते आणि ती रागावलेलीही होती. "अठरा वर्षं," ती म्हणाली, "अठरा वर्षं मला वाटतंय, की मी तुला एवढी मोठी गोष्ट सांगितली, आणि माझा नवरा फोन ठेवून किल्ला बघायला गेला. मी तिकडे ओकाऱ्या काढतेय आणि हा बस पकडतोय. आणि वर दर दिवाळीला मलाच रंगवून सांगतोय!"

"तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं? आणि मला काय तो किल्ला बघायची हौस होती? एवढं काय मोठं लागून गेलंय त्याच्यात, ते मला एकदा जाऊन बघायचं होतं."

ज्या थापेने आपण मोठे झालो असं निशिकांतराव समजत होते, तिने त्यांना स्वतःच्या घरात अठरा वर्षं लहान करून ठेवलं होतं, आणि तो साधा पिस्टन नुसता सांगून टाकला असता तर एव्हाना सगळं केव्हाच मिटलं असतं.

"मग आता?" त्यांनी विचारलं. "तिकिटं रद्द करायची?"

"रद्द कशाला? जायचं." सविताने नाक पुसलं. "मला तो धक्का दाखव. फोन होता ती जागा."

"तिथे बघण्यासारखं काही नाहीये गं. नुसते कंटेनर."

"तेच बघायचेत मला."

"बाबा, दॅट वन अ‍ॅक्चुअली नाइस, लाह," इरा म्हणाली आणि लगेच फोनमध्ये बघायला लागली. निशिकांतरावांनी सविताचा गार झालेला चहा आपल्याकडे ओढला आणि पिऊन टाकला. तिने पिऊ दिला. अनुयाताईंनी पिशवीतून नकाशा काढून, पोह्यांचा डाग चुकवत, पहिल्या दिवशी सकाळी धक्का आणि वेळ उरला तर दुसऱ्या दिवशी किल्ला, असं जाहीर करून टाकलं.

गुप्ते इतका वेळ खाली मान घालून बसले होते. त्यांनी हळूच डोकं वर केलं, हॉकर सेंटरमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली. गणवेशातलं कुणी दिसत नव्हतं.

"धक्का ना?" ते म्हणाले. "अहो, आम्ही लिस्बनला असताना रोज संध्याकाळी तिथेच तर जायचो."